जे.सी. कुमारप्पा

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस कुमारप्पा (जन्म : तंजावर, ४ जानेवारी १८९२, मृत्यू : ३० जानेवारी १९६०) हे हिशेबतपासनीस, अर्थशास्त्रज्ञ आणि ग्रामोद्योग चळवळीचे संघटक होते. गांधीजींच्या आर्थिक विचारांची शास्त्रीय मांडणी करणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. जन्माने ते तमिळ, शिक्षणाने लंडन-न्यूयॉर्कचे. पण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी वर्षे विदर्भात, वर्धा येथील मगनवाडीत गेली. साम्राज्याच्या अंदाजपत्रकापासून सुरू झालेला त्यांचा अभ्यास तेथे गावातल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचला. जाते, उखळ, घाणी आणि चूल ही त्यांच्या अर्थशास्त्राची खरी सामग्री होती.

पूर्वायुष्य

कुमारप्पा यांचा जन्म मद्रास इलाख्यातील एका सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. जोसेफ यांनी लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतले व काही काळ तेथेच काम केले. आईच्या आग्रहामुळे ते १९१९ मध्ये भारतात परतले आणि मुंबईत स्थायिक झाले. तेथे त्यांनी भागीदारीत हिशेबतपासणीची पेढी काढली व डावर यांच्या वाणिज्य महाविद्यालयात अध्यापनही केले. या काळात त्यांची राहणी पूर्णपणे पाश्चात्त्य वळणाची होती.

पुढे ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठाची व्यवसाय-प्रशासनातील पदवी त्यांनी १९२८ मध्ये मिळवली व नंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहार हा विषय घेतला. तेथील एका चर्चमध्ये भारताच्या दारिद्र्याच्या कारणांवर त्यांनी व्याख्यान दिले. त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला आणि तो वाचून त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी हाच विषय प्रबंधासाठी घेण्यास सुचवले. अभ्यास करता करता, ब्रिटिशांची करपद्धती आणि सरकारी खर्चाची रीत हेच दारिद्र्याचे एक मोठे कारण आहे, या निष्कर्षाला ते आले. राष्ट्रवादी विचार त्यांच्याकडे असे सभेतून नव्हे तर आकडेमोडीतून आले. १९२९ च्या सुमारास कुटुंबाने कॉर्नेलियस हे आडनाव मागे ठेवून कुमारप्पा हे पूर्वापार नाव पुन्हा स्वीकारले. धाकटे बंधू भारतन कुमारप्पा हेही पुढे ग्रामोद्योगाच्या कामात आले. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे ते पहिले मुख्य संपादक होत.

गांधीजींची भेट

प्रबंध छापण्याच्या खटपटीत असताना कुमारप्पांची व गांधीजींची भेट ९ मे १९२९ रोजी साबरमती आश्रमात झाली. रेशमी सूट घातलेले कुमारप्पा वेळेआधी पोहोचले. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर सूत कातीत बसलेले गृहस्थ हेच गांधीजी, हे त्यांना जरा उशिराने उमगले, आणि तेही तसेच जमिनीवर बसले. हा प्रबंध गांधीजींनी ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला. त्याच भेटीत एका ग्रामीण भागाची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यापुढे ठेवण्यात आले.

गुजरात विद्यापीठाची धुरा त्या वेळी काका कालेलकरांकडे होती. गुजराती न येणारा माणूस खेड्यात जाऊन काय पाहणी करणार, अशी शंका त्यांना आली व ती रास्तच होती. तरीही काम झाले. विद्यापीठाचे विद्यार्थी बरोबर घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची पाहणी केली. तिचा अहवाल १९३१ मध्ये निघाला. एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न कशातून येते आणि कशावर जाते, हे घरोघर जाऊन विचारण्याची सवय त्यांना येथे लागली. मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांनी ‘यंग इंडिया’चे संपादन केले व त्याबद्दल तुरुंगवास भोगला. भारत आणि ब्रिटन यांच्यातील आर्थिक देण्याघेण्याची तपासणी करणाऱ्या काँग्रेसच्या समितीचेही ते निमंत्रक होते.

बिहारमधील हिशेब

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. राजेंद्रप्रसाद यांच्या नेतृत्वाखालील मदत समितीच्या पैशांवर देखरेख ठेवण्यासाठी कुमारप्पांना पाठवण्यात आले. स्वयंसेवकाच्या जेवणाला दररोज तीन आण्यांहून अधिक खर्च करायचा नाही, असा नियम त्यांनी घालून दिला. पुढे गांधीजी आपल्या मंडळींसह दौऱ्यावर आले. त्यांचे शेळीचे दूध, फळे व सुका मेवा तीन आण्यांत बसणे शक्यच नव्हते. तेव्हा या मंडळींचा खर्च मदतनिधीतून मिळणार नाही, त्याची सोय त्यांनी स्वतंत्रपणे करावी, असे कुमारप्पांनी महादेवभाई देसाई यांना कळवले. गांधीजींनी हा निर्णय मान्य केला. मुदपाकखान्याच्या खर्चाला सूट न देणारा हा माणूस ग्रामोद्योगाच्या कामासाठी त्यांच्या मनात भरला, असे म्हणण्यास जागा आहे.

मगनवाडी

मुंबईत ऑक्टोबर १९३४ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या ठरावानुसार डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू हे अध्यक्ष आणि कुमारप्पा हे संघटक व चिटणीस झाले. संघासाठी जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपली बाग व तेथील इमारत दिली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी १९२८ मध्ये निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी हे नाव देण्यात आले.

सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी गांधीजी १९३५-३६ मध्ये मगनवाडीतच राहत होते. त्यामुळे तेथील सामुदायिक स्वयंपाकघर ही प्रयोगशाळाच बनली. सोयाबीन शिजवून खाण्याचा प्रयोग, कडुनिंबाचा पाला आणि चिंच यांचा आहारात वापर, न शिजवलेल्या अन्नाची परीक्षा, असे नाना उद्योग तेथे चालत. जेवणाऱ्यांना ते सर्वच रुचत होते असे नाही. कुमारप्पांचे लक्ष मात्र चवीपेक्षा दुसऱ्या गोष्टीकडे होते. ताटात आलेला प्रत्येक पदार्थ कोणाच्या हातून आला आणि त्याचे मोल कोणाच्या घरी गेले, हे ते पाहत होते.

गावात कोणते धंदे जगतील याचा विचार करताना त्यांनी सुरुवात याच ठिकाणापासून केली. खेड्यातील माणूस पैसा खर्च करतो तो मुख्यतः अन्नावर. तेव्हा धंद्यांची मुळेही अन्न तयार करण्याच्या क्रियांतच असणार. भात कांडणे, दळण, तेल गाळणे, गूळ करणे, मधमाश्या पाळणे, मडकी घडवणे ही कामे संघाच्या यादीत आली ती याच कारणाने. हातकागद, साबण व चामडे यांचेही काम मगनवाडीत चाले. झवेरभाई पटेल यांनी बैलघाणीत सुधारणा करून तिची क्षमता वाढवली. रॉकेलऐवजी वनस्पतिज तेलावर जळणारा ‘मगन दीप’ हा कंदीलही येथलाच. या सर्व साधनांचे मगन संग्रहालय गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडण्यात आले. ‘ग्रामउद्योग पत्रिका’ हे संघाचे मासिक कुमारप्पा संपादित करीत. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही त्यांनी याच सुमारास सांभाळले. १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीत ते ग्रामोद्योगांची बाजू मांडण्यासाठी गेले, पण मोठ्या यंत्रोद्योगांकडे तिचा कल पाहून लवकरच बाहेर पडले.

स्वयंपाकघराचा हिशेब

कुमारप्पांच्या लेखनात अन्नाचा विषय वारंवार येतो, आणि तो पथ्यापाण्याच्या अंगाने कमी, हिशेबाच्या अंगाने अधिक येतो. गिरणीत सडलेल्या पांढऱ्या तांदळातून कोंड्याबरोबर जीवनसत्त्व जाते व त्यातून बेरीबेरीसारखे रोग होतात, ही गोष्ट तेव्हा सिद्ध झालेली होती. कुमारप्पांनी तिला दुसरी बाजू जोडली. गिरणी तांदळाचे सत्त्व काढून घेते त्याच वेळी कांडणाऱ्या बाईची मजुरीही काढून घेते. घाणीचे तेल आणि कारखान्यातील वनस्पती तूप, गूळ आणि पांढरी साखर यांच्याबाबतही त्यांची मांडणी हीच होती. ताड व शिंदी यांच्या रसापासून गूळ करावा आणि उसाखालची चांगली जमीन धान्याला मोकळी करावी, असे ते सुचवीत.

वस्तू विकत घेणारा माणूस तिच्या निर्मितीतील बऱ्यावाइटाचाही वाटेकरी होतो, हे त्यांचे आवडते प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी कोकोच्या पेल्याचे उदाहरण घेतले आहे. पश्चिम आफ्रिकेच्या मळ्यांवरील वेठबिगारी, तो माल आणणारे आणि शस्त्रबळावर राखलेले सागरी मार्ग, पेल्यातील साखर, या सर्वांचा माग काढत ते पिणाऱ्यापर्यंत येतात. आजच्या भाषेत ज्याला पुरवठासाखळी म्हणतात, तिचा इतका सुबोध धडा त्या काळी विरळाच.

याच विचाराचे नियोजनातील रूप म्हणजे समतोल शेतीची त्यांची योजना. एक लाख लोकवस्तीचा प्रदेश धरून त्यांनी आधी माणसाचे रोजचे ताट मांडले : धान्य १६ औंस, डाळी २ औंस, गूळ २ औंस, दूध १२ औंस, भाजीपाला ८ औंस, शिवाय कंद, फळे, तेल व तूप. मग या ताटाला किती जमीन लागेल, हे उलट दिशेने मोजले. बाजारभाव पाहून पीक ठरवण्याऐवजी स्वयंपाकघर पाहून पीक ठरवावे, असा या योजनेचा अर्थ होतो. कापूस आणि ऊस यांच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या महाराष्ट्रात ती कोणी अमलात आणली नाही.

मगन चूल

मगनवाडीच्या कामातील स्वयंपाकघराच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे १९४७ च्या सुमारास प्रचारात आलेली मगन चूल. भारतातील सुधारित चुलींच्या इतिहासात पहिल्या प्रयत्नांपैकी एक म्हणून तिची नोंद होते. ती एका माणसाची निर्मिती नव्हे. कुमारप्पांच्या देखरेखीखाली चाललेल्या संघाच्या कामातून ती आली.

तिचे महत्त्व कळण्यासाठी जुने स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे लागते. शहरातील सदनिकेत ओटा बांधून मिळतो. खेड्यात चूल घालणे हे घरच्या बाईचेच काम होते. माती चाळून, तिच्यात भुसा व शेण कालवून ती स्वतःच्या हाताने चूल घाली, शेजारी वैल काढी, भाणशीवर भांडी ठेवायला जागा करी. स्वयंपाकघराची आखणी अशी पिढ्यानपिढ्या तिच्याच हाती होती. पण तीन बाजूंच्या या उघड्या चुलीत जाळाचा बराच भाग भांड्याला न लागता बाहेर जाई आणि धूर खोलीतच कोंडे. भिंती काळ्या पडत, डोळे चुरचुरत, फुंकणीने फुंकून खोकला जडे. छपरातील कीड धुराने दूर राहते म्हणून तो सोसलाही जाई.

मगन चुलीने मातीचे साहित्य तेच ठेवले, आकार बदलला. जळण घालण्याचे तोंड एकच. चुलीचे अंग बंद. पहिल्या भांड्याखालचा जाळ आतल्या बोगद्यातून पुढच्या भांड्यांखाली जातो आणि उरलेला धूर धुराड्यातून छपराबाहेर पडतो. एका जाळावर भात, वरण आणि पाणी अशी कामे होतात. अशी चूल घरी घालता येत असली तरी तिला अगोदर मोजमाप लागते. धुराडे वर जाऊ शकेल अशी भिंतीलगतची जागा निवडावी लागते. भोके घरातील नेहमीच्या भांड्यांच्या बेताने पाडावी लागतात. ओल्या मातीत भांडे दाबून बसवले की ते चपखल बसते. भोक सैल राहिले की धूर तेथूनच बाहेर येतो आणि धुराड्याचा ओढा कमी होतो. माती सावकाश वाळू द्यावी लागते, पडलेल्या भेगा लिंपाव्या लागतात आणि पुढे काजळी धरली की धुराडे झाडावे लागते. गावात मिळणारी माती आणि घरातलेच हात एवढ्यावर हे सारे होत असल्याने ही चूल कुमारप्पांच्या कल्पनेतील ग्रामोद्योगाचा चांगला नमुना ठरते.

जवळपास त्याच पिढीत युरोपातही स्वयंपाकघराची फेरमांडणी चालू होती. वास्तुविशारद मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफुर्टमधील नव्या वसाहतींसाठी आटोपशीर स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले आणि मिनिटे वाचवणे हा तिचा हेतू होता. त्यांचे स्वयंपाकघर कारखान्यातून बनून घरात बसवले जाई, मगनवाडीची चूल घरातच जन्माला येई.

आक्षेप

येथेच कुमारप्पांच्या विचारातील एक कच्चा दुवा दिसतो. ते आजन्म अविवाहित राहिले. हातसडीचा तांदूळ व जात्यावरचे पीठ यांचा पुरस्कार करताना त्या कामाची मजुरी त्यांनी मोजली, पण घरासाठी केलेल्या दळणाला मजुरी नसते, हे त्यांच्या हिशेबात पुरेसे उतरलेले नाही. महाराष्ट्रातील बायका पहाटे उठून दळण दळीत. जात्यावरच्या ओव्यांनी मराठी वाङ्मय समृद्ध केले हे खरे, परंतु त्याच ओव्यांत दळणाच्या कष्टांचे गाऱ्हाणेही आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांनी जाते बाजूला सारले ते जाहिरातीला भुलून नव्हे. संघाने जाते हलके फिरावे म्हणून सुधारणा करून पाहिल्या, पण त्या गिरणीपुढे टिकल्या नाहीत. चुलीच्या बाबतीत मात्र संघाने बाईच्या कष्टांचा आणि डोळ्यांचा विचार आधी केला. म्हणूनच मगनवाडीच्या साऱ्या साधनांत चुलीचा वंश पुढे सर्वांत जास्त वाढला.

तुरुंगातील लेखन

१९४२ च्या आंदोलनात कुमारप्पांना अटक झाली व त्यांना जबलपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. तेथे त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या शिकवणुकीवर आणि आचरणावर आहे. दुसरे चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर आहे व तेच त्यांचे मुख्य पुस्तक मानले जाते. खाण, तेल, कोळसा यांसारखे एकदा वापरून संपणारे साठे आणि जंगल, पाणी, पीक यांसारखे पुन्हा भरून येणारे प्रवाह, असा भेद त्यात केला आहे. संपणाऱ्या साठ्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था भांडणांकडे आणि युद्धांकडे जाते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. निसर्गातील परोपजीवी, लुटारू, उद्यमशील, समूहनिष्ठ आणि सेवाभावी व्यवहारांच्या पायऱ्याही त्यात मांडल्या आहेत. पर्यावरणाचा विचार रूढ होण्यापूर्वी काही दशके हे लिहिले गेले. प्रकृती ढासळल्याने १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली. दोन्ही पुस्तकांना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या आणि विनोदाने त्यांना धर्मशास्त्राची व ग्रामोद्योगाची अशा दोन डॉक्टरेट बहाल केल्या. तेव्हापासून त्यांच्या नावामागे डॉक्टर ही उपाधी लागत गेली.

स्वातंत्र्यानंतर

काँग्रेसने नेमलेल्या कृषी सुधारणा समितीचे कुमारप्पा अध्यक्ष होते. तिचा १९४९ चा अहवाल कसेल त्याची जमीन या तत्त्वाच्या बाजूचा असून कुळांना संरक्षण देण्याचा आग्रह त्यात आहे. जुने सहकारी सत्तेवर होते, पण मोठी धरणे, कारखाने व परकीय मदत यांवरील भर त्यांना पटला नाही आणि त्यांनी तसे स्पष्टपणे लिहिले. त्यामुळे दिल्लीत त्यांचे ऐकणारे कमी होत गेले. मगनवाडी सोडून त्यांनी वर्धा जिल्ह्यातीलच सेलडोह येथे पण्णै आश्रम स्थापून शेतीचे प्रयोग केले. १९५१ मध्ये त्यांनी चीन व जपानचा दौरा केला. तेथील जमीनसुधारणांबद्दल त्यांनी चांगले लिहिल्यावर गांधीवादी वर्तुळात काहींच्या भुवया उंचावल्या. १९५३ पासून ते मदुराईजवळील टी. कल्लुपट्टी येथे गांधी निकेतन आश्रमात राहिले. रक्तदाबाने त्यांची प्रकृती खालावत गेली होती. गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, ३० जानेवारी १९६० रोजी, त्यांचे निधन झाले.

नंतरचा प्रवास

अर्थशास्त्रज्ञ शुमाखर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या पुस्तकात कुमारप्पांचा आधार घेतल्याने परदेशात त्यांचे नाव पुन्हा वाचले जाऊ लागले.

मगन चुलीनंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस.पी. राजू यांनी धूररहित स्वयंपाकघरावर १९५३ मध्ये पुस्तिका काढली व आपली चूल प्रचारात आणली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ मध्ये बंद करण्यात आला. अनुदानातून बसवलेल्या पुष्कळ चुली थोड्याच काळात टाकून दिल्या गेल्याचे दिसून आले : धुराडी झाडली गेली नाहीत, भोके घरच्या भांड्यांना जुळली नाहीत, आणि ज्या बाईला ती वापरायची होती तिने ती घातलेली नसल्याने तिला ती दुरुस्तही करता येईना. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसजोडण्या देण्यात आल्या. शहरात, अगदी नवी मुंबईसारख्या आखीव नगरातही, ओट्यावर विजेची चिमणी बसवताना धुराला बाहेर जायला वाट कोठून द्यायची हा प्रश्न पहिल्यांदा सोडवावा लागतोच.

मगनवाडीच्या आवारात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था काम करते. मगन संग्रहालय वर्ध्यात अद्याप चालू असून ग्रामोद्योगांची साधने तेथे पाहता येतात.